टीम घेतली जूनमध्ये, सही मिळाली ऑगस्टमध्ये, रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या दिवशी (माझा अनुभव)

जिल्हा कुठला, मंडळ कुठलं हे लिहीत नाहीये, कारण पुढच्या सीझनला मला परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय. पण फुटबॉल टीमच्या प्लेअर रजिस्ट्रेशनच्या कागदांचं हे लिहायला पाहिजे. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर माझ्या चार पोरांचं वर्ष वाचलं असतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं मंडळ म्हणजे गणपती, तालीम आणि फुटबॉल, तिन्ही एकाच नावाखाली. कोल्हापुरात जशा तालमींच्या टीम असतात तसंच, फक्त तिथल्यासारखी गर्दी आमच्याकडे कधी झाली नाही. मी खेळत असताना तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की आम्ही पाचसहा जण एसटीने जायचो आणि परत येताना गप्प बसलेलो असायचो, की आपल्याकडे असं का होत नाही. मी बारा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो, मग गुडघा गेला, मग एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) कोचिंगच्या डी लायसन्सचा कोर्स केला आणि रविवारी पेठेतल्या बारक्या पोरांना शिकवायला लागलो.

2024-25 ला टीम सेकंड डिव्हिजनमध्ये शेवटची आली. 10 मॅच, 1 जिंकली, 2 ड्रॉ, 5 पॉइंट, 31 गोल खाल्ले. एका मॅचला आठच जण आले होते. सातच्या खाली गेलं की नियमाने मॅच सुरूच होत नाही, म्हणजे आम्ही त्या दिवशी थोडक्यात वाचलो. थर्ड डिव्हिजनला गेलो नाही ते फक्त एका क्लबने लीग सोडली म्हणून. शेवटच्या मॅचनंतर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "आता तूच घे बाबा टीम, नाहीतर बंद करू." मी हो म्हणालो. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे कोच पण तोच, पाण्याचे कॅन आणणारा पण तोच आणि फॉर्म भरणारा पण तोच, हे मला माहिती होतं. फॉर्म भरणं म्हणजे काय हे माहिती नव्हतं.

फुटबॉलचं काम सरळ होतं. पोरं एमआयडीसीत शिफ्टला जातात म्हणून प्रॅक्टिस पहाटे पावणेसहाला ठेवली, आठवड्यात तीनच दिवस, पण न आलेल्याला पहिल्या अकरात घ्यायचं नाही हे ठरवलं आणि पाळलं. 31 पैकी 13 गोल कॉर्नरवर गेले होते म्हणून पावसाळाभर कॉर्नरच केले. गोल किक झाल्यावर बॉल बॉक्सच्या बाहेर जायची वाट बघायची गरज 2019 पासून नाही, हे आमच्या निम्म्या टीमला माहिती नव्हतं, त्यामुळे गोली प्रत्येक वेळी लांब मारायचा आणि बॉल परत आमच्याच अंगावर यायचा. हे एवढंच. दोन महिन्यांत पोरं वेगळी दिसायला लागली.

आता खरं काय झालं ते.

प्लेअर रजिस्ट्रेशन ऑनलाइन असतं. क्लबचं लॉगिन असतं, त्याला मोबाइल नंबर जोडलेला असतो, त्यावर ओटीपी येतो. विंडो उघडायच्या आधी एकदा बघून ठेवू म्हणून जुलैच्या मधल्या आठवड्यात लॉगिन टाकलं तर ओटीपी कुठे जातोय तेच कळेना. चौकशी केली तर नंबर जुन्या सेक्रेटरींचा, ते चार वर्षांपासून मस्कतला. इतकी वर्षं ते तिकडून व्हॉट्सअॅपवर ओटीपी पाठवायचे आणि सगळं चालून जायचं. या वेळी मात्र त्यांचं इथलं सिम रिचार्ज न झाल्याने बंद पडलं होतं. बिचाऱ्यांनी फोनवर दहा वेळा सॉरी म्हटलं.

मला वाटलं नंबर बदलायचा अर्ज दिला की झालं. लेटरहेडवर अर्ज टाइप केला, अध्यक्षांची सही घेतली, असोसिएशनच्या ऑफिसला गेलो. टेबलावरच्या साहेबांनी पत्र हातात घेतलं आणि परत दिलं, "जावक क्रमांक नाही." मंडळाला जावक रजिस्टरच नव्हतं. त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि जावक क्रमांक 1 टाकून दुसऱ्या दिवशी परत गेलो. तर म्हणे ठराव लागेल. ठराव टाइप करून नेला. तर म्हणे ही नुसती प्रत आहे, प्रोसिडिंग बुक (मीटिंगचे ठराव लिहायची मूळ वही) दाखवा.

प्रोसिडिंग बुक शोधायला पाच दिवस गेले. शेवटी वारलेल्या माजी अध्यक्षांच्या घरी, माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या सामानात सापडलं, काकूंनी स्वतः शिडी लावून काढून दिलं. शेवटची नोंद 2013 ची. नवीन मीटिंग बोलावली, अजेंडा काढला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ठराव हाताने लिहिला. चौथी फेरी. बुक बघितलं, ठीक आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "पण हे अध्यक्ष शेड्यूल वनवर कुठे आहेत?"

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याची नोंद असते आणि शेड्यूल वनच्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. कमिटी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, कलम 22. आमच्याकडे दर वर्षी गणपतीच्या आधी अध्यक्ष बदलतो, हार घालतात, फोटो पेपरात येतो, पण चेंज रिपोर्ट 2009 नंतर कुणी दिलेलाच नव्हता. उताऱ्यावर सात नावं. तीन वारलेले, एक मस्कतला, एकांनी मंडळ सोडलेलं, एक साधे सदस्य आणि एक खजिनदार, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, वय 81. म्हणजे कागदावर आमचं मंडळ 2009 मध्येच थांबलेलं होतं. ही चूक आमची, ती मी कुणावर ढकलत नाही.

वकिलांना गाठलं. ते म्हणाले चेंज रिपोर्ट द्या, उशीर झालाय म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज द्या. त्याला नव्या सगळ्यांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र आणि तिन्ही वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले. एक घर पुण्याला शिफ्ट झालेलं, तिथे स्वतः जाऊन दाखला आणला. कुणाच्या घरी जाऊन वडिलांचा मृत्यूचा दाखला मागायचा, तोही फुटबॉलसाठी, हे मला फार जड गेलं. एकांनीही नाही म्हटलं नाही.

12 ऑगस्टला रिपोर्ट दाखल झाला, नंबर पडला, पोच घेतली. (कुठलाही कागद देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या. मी पहिल्या दोन फेऱ्यांना घेतली नव्हती, म्हणून मी जुलैपासून येतोय हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.) रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख 25 ऑगस्ट, आणि 27 ला गणपती, म्हणजे मंडळातला प्रत्येक माणूस मांडवाच्या परवान्यात आणि वर्गणीत. मध्ये पंधरा ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. तीन दिवस नुसते बघत बसलो.

सोमवारी 18 ला पोच घेऊन गेलो. टेबलावर उत्तर मिळालं, "दाखल केल्याचा नंबर नको, ऑर्डर आणा." चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याच्या ऑर्डरला महिने लागतात हे त्यांनाही माहिती होतं. मी म्हणालो, हे मला लेखी द्या. नाही दिलं. मग मोठ्या साहेबांना भेटतो म्हणालो तर ते सिलेक्शन ट्रायलला गेलेले. मंगळवारी नाहीत, बुधवारी नाहीत, गुरुवारी येऊन गेलेले. मी दुकान भावावर टाकून तिथल्या बाकावर बसत होतो आणि फोनवर पोरांचे मेसेज येत होते, सर झालं का, सर माझा फॉर्म भरला का. त्यांना काय सांगणार, की तुमचं फुटबॉल सोळा वर्षांपूर्वीच्या कागदात अडकलंय?

शुक्रवारी 22 ला साहेब भेटले. त्यांनी फाइल चाळली, उतारा बघितला आणि म्हणाले, उताऱ्यावरचे खजिनदार आहेत ना, मग त्यांच्या सहीने तुम्हाला अधिकारपत्र द्या, सोबत पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र आणि चेंज रिपोर्टची पोच जोडा, आम्ही नंबर बदलून देतो. पाच मिनिटं पण लागली नाहीत. म्हणजे रस्ता पहिल्या दिवसापासून होता. पाच आठवडे एक माणूस मला एकेक कागद सुटा सुटा सांगत राहिला. पूर्ण यादी एकदम का देत नाहीत याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा, "शेवटपर्यंत काय काय लागेल ते सगळं लिहून द्या," आणि नाही दिलं तर त्याच दिवशी वरच्यांची वेळ मागा. मी पाच आठवडे लाजलो, तेवढ्यात घात झाला.

शनिवारी अण्णांच्या घरी गेलो. ते कॉटवर. तरुणपणी आमच्या मंडळाचे गोली होते, भिंतीवर फोटो आहे, अनवाणी, हातात बॉल. कागद काय आहे ते समजावत होतो, तर त्यांनी मध्येच विचारलं, "गोलीला कोण आहे रे यंदा?" सांगितलं. "उंच आहे?" म्हणालो, मध्यम आहे. "कॉर्नरला बाहेर येतो का लाइनवर चिकटून राहतो?" म्हणालो, चिकटतो. "मग ओरडायला शिकव त्याला. गोली ओरडला की बॅक सुधारतात." मग सही केली. हात थरथरत होता, सहीला बराच वेळ लागला.

सोमवारी 25 ला दहाला ऑफिस उघडायच्या आधी मी दारात. आणि टेबलावरून कागद परत, सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही. मी तिथे आवाज चढवला, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. 81 वर्षांच्या माणसाची सही 2009 सारखी कशी येईल? सरळ घरी गेलो, अण्णांच्या सुनेला विचारलं, डॉक्टरांना फोन केला आणि अण्णांना रिक्षाने घेऊन आलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी वर जाऊन साहेबांना सांगितलं की ते खाली रिक्षात बसलेत. साहेब स्वतः खाली आले, रिक्षात वाकून अण्णांना नमस्कार केला, मांडीवर पॅड ठेवून समोर सही घेतली आणि खाली स्वतः 'समक्ष' म्हणून लिहिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तीन वाजले होते.

3:40 ला नंबर बदलला. 5 ला पोर्टल बंद. 22 पोरांचे फोटो, जन्मदाखले, आधार मी फोल्डर करून ठेवलेले होते म्हणून तरी 18 झाले. 4 राहिले. लेट फी भरून चालेल का विचारलं, नाही म्हणाले.

त्या चारांत आमचा राइट विंगर होता, 19 वर्षांचा, एमआयडीसीतून नाइट करून थेट प्रॅक्टिसला यायचा. त्याला रात्री फोन केला तर तो फक्त "ठीक आहे सर" म्हणाला. नंतर मैदानावर यायचा बंद झाला, टेनिस बॉलच्या टुर्नामेंट खेळायला लागला. बाकी तिघं सीझनभर पाणी द्यायला, बॉल आणायला येत राहिले.

टीमचं म्हणाल तर 10 मॅचपैकी 4 जिंकल्या, 3 ड्रॉ, 15 पॉइंट, गोल 14 खाल्ले, त्यात कॉर्नरवर 2. गोली आता एवढा ओरडतो की रस्त्यावर ऐकू येतं. मला या पोरांचा फार अभिमान आहे. अण्णांना प्रत्येक मॅचनंतर स्कोअर सांगायला जातो.

सुचेल तसं आणखी थोडं. देणगी स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, बँकेचं खातं सह्यांमुळे अडकलेलं असलं तरी पावती बुक करा आणि रोख वहीत लिहा, नाहीतर मे महिन्यात लोक विचारतात आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. टीम हातात घेताना पहिल्या दिवशी किट आणि बॉल मोजू नका, लॉगिन, नंबर आणि उतारा बघा. उताऱ्याची प्रत आधी काढा, ती बघितल्याशिवाय सही कुणाची चालेल ते कळतच नाही. शक्यतो क्लबसाठी वेगळं सिम घ्या आणि ते मंडळात ठेवा, कुणाच्या खिशात नको. चेंज रिपोर्टची आमची पुढची तारीख लागलीय, तिथे वकिलांसोबत स्वतः जाणार आहे.

आणि जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते जूनमध्येच तपासा, मध्ये वडिलांचं नाव आहे का, आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का. राहिलेल्या चारपैकी दोघांचे फॉर्म मी शेवटच्या दहा मिनिटांत टाकले होते, ते याच कारणाने परत आले. त्यातला एक तो विंगर. मागच्या शनिवारी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईशी बोललो आणि त्याला गाडीवर बसवून आधार सेंटरला नेलं, नाव दुरुस्तीला टाकलंय. यंदा पहिला फॉर्म त्याचा भरणार आहे.