फलकावरची विशेषणे

गेल्या आठवड्यात शेजारच्या आक्कांना उत्पन्नाचा दाखला काढायचा होता, म्हणून त्यांच्यासोबत एका सरकारी कार्यालयात गेलो. फाटकावर भलामोठा फ्लेक्स होता: 'ऐतिहासिक निर्णय! गतिमान सेवा! जास्तीत जास्त नागरिकांनी लाभ घ्यावा.' आक्कांनी तो सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचला आणि विचारले, "कागद कुठले लागत्यात ते कुठं लिवलंय?" ते कुठेच लिहिलेले नव्हते. आत जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे दुसरा फलक सापडला. त्यावर सेवा, शुल्क, मुदत, पदनिर्देशित अधिकारी, अपील असे रकाने होते आणि निम्मी अक्षरे पुसलेली होती.

वास्तविक तो दुसरा फलक महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार लावावाच लागतो, आणि वाजवी कारणाशिवाय मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कायदा ज्याला 'हक्क' म्हणतो, त्याला फाटकावरचा फ्लेक्स 'लाभ' म्हणतो. माझी मुख्य तक्रार या एका शब्दाविषयी आहे, कारण लाभ देणाऱ्याला मुदत विचारायला माणूस कचरतो.

सरकारी जाहिरातींचा मजकूर वस्तुनिष्ठ असावा आणि त्यातून सत्ताधारी पक्षाचा प्रचार होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्येच बजावले होते. मात्र चर्चा रंगली ती छायाचित्रांची, आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, मंत्री यांच्या छायाचित्रांना मुभाही मिळाली. विशेषणांकडे कोणी फिरकले नाही.

सेवेच्या प्रत्येक जाहिरातीत पात्रता, कागदपत्रे, शुल्क, दिवस आणि अपील कोणाकडे करायचे, एवढे आधी छापल्याशिवाय एकही विशेषण छापता येणार नाही, असा नियम शासनाने करावा. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभारात मराठी आणली, पण 'विहित नमुन्यातील परिपूर्ण प्रस्ताव' हेही मराठीच आहे. मराठी विश्वकोश जिथे घडला त्या वाईत राहून मी पारिभाषिक शब्दांना नावे ठेवणार नाही. त्यांची जागा आदेशात आहे, फाटकावर नाही.

आक्कांचे काम मात्र खिडकीतल्या कारकून बाईंनी सोपे केले. लागणारे कागद त्यांनी एका रद्दी फॉर्मच्या पाठीवर ओळीने लिहून दिले, खाली "सोमवारी या, मावशी" असे लिहिले. आक्कांनी तो कागद चार घड्या घालून बटव्यात ठेवला.