कंट्रोलर मध्येच सुटतो तेव्हा

संगणकावरच्या गेममध्ये शर्यतीचं शेवटचं वळण आणि नेमका तेव्हाच हातातला, केबलने जोडलेला कंट्रोलर बंद. विंडोजचा उपकरण सुटल्याचा आवाज, दोन सेकंदांनी पुन्हा जोडल्याचा आवाज, तोवर गाडी कठड्यावर. आठवडाभर हेच.

कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला, फरक शून्य. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढली, वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद केलं. पण खरं सांगायचं तर सतत बटणं दाबली जात असताना कंट्रोलर झोपेल कशाला?

मग एक गोष्ट लक्षात आली. गाडी आदळून कंट्रोलर थरथरला की हमखास सुटायचा! थरथरीच्या मोटरी जास्त वीज ओढतात, आणि कंट्रोलर ज्याला लावला होता तो माझा यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारी डबी, स्वतःचा अडॅप्टर नसलेला. यूएसबी २.० पोर्टच्या ५०० मिलिअँपिअरमध्ये कीबोर्ड, हार्ड डिस्क आणि हा कंट्रोलर. कंट्रोलर थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावला. सुटणं बरंच कमी झालं, थांबलं मात्र नाही.

शेवटी थरथर बंद करून केबल कंट्रोलरपाशी, जिथे रबराची मान असते तिथे, दोन बोटांत धरून हळूच वाकवली. टुडूंग. सरळ केली, परत जोडला. आतली तार तिथेच तुटत आली होती. वरचं रबर अगदी धडधाकट दिसत होतं. नशिबाने केबल वेगळी निघणारी आहे. नवी घेताना डेटाची आहे ना, हे नक्की बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर दिवा लागतो, पण कंट्रोलर ओळखला जात नाही.

काल थरथर चालू ठेवून तीन तास खेळलो. एकदाही सुटला नाही.