उजेडावरून बोलणं

आज आमच्या आठवीच्या पोरांनी एकमेकांशी उजेडावरून गप्पा मारल्या.

वर्गाच्या दोन टोकांना दोन टेबलं. प्रत्येकावर एक माईक, एक पांढरा एलईडी, एक फोटोडायोड, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि जुन्या रेडिओतून काढलेला स्पीकर. सगळं बॅटरीवर. आवाजाप्रमाणे एलईडीचा उजेड कमी-जास्त होतो. डोळ्याला काही कळत नाही, पण समोरचा फोटोडायोड तो बदल टिपतो आणि त्याची पुन्हा वीज करतो.

दुपारी व्हरांड्यात काहीच जमलं नाही. आपल्या आर्वीकडचं ऊन! त्या लख्ख उजेडात एलईडीचा इवलासा बदल बुडून गेला. पोरांची तोंडं उतरली. आत आलो तर स्पीकरमधून नुसती घरघर. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ती घरघर तिचीच होती.

आणि तेवढ्यात लाइन गेली.

अंधारात स्पीकर बोलला, "ऐकू येऊन राह्यलं का बे?" समोरून, "हो ना बे, साफ!" मधे कोणीतरी हात घातला की आवाज बंद, काढला की सुरू. तो हात किती वेळा घातला असेल, मोजलं नाही.

ग्रॅहम बेलनं 1880 सालीच सूर्याच्या उजेडावरून आवाज दोनशे मीटरच्या पुढे पोचवला होता, हे मी पोरांना तेव्हा सांगितलं. एक पोरगी लगेच म्हणाली, "सर, उद्या मी भिंग आणते. रस्त्यापलीकडच्या गोठ्यापर्यंत पाठवून पाहू."