पंचेचाळीस रुपये कशाचे?

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक जोरात असताना, मुनीममामांनी शेतकऱ्याच्या हिशेबाची एक पट्टी माझ्यापुढं टाकली. "सर, साठ कट्ट्याची हमाली कुठं गेली? आन हे पंचेचाळीस रुपये कशाचे कापायलंय तुमचं मशीन?"

माल 30 क्विंटल, ओलीपोटी 45 किलो वजा, भाव 4,400. म्हणजे 1,30,020 रुपये. हमाली-तोलाई कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, 9 रुपये धरून 540 जायला हवे होते. गेले फक्त 45.

पंचेचाळीस! किलो रुपये होऊन बसले होते.

प्रोग्राम पायथॉनमधला. मूळ क्लास, म्हणजे हिशेबाचा साचा, 'पट्टी'. त्यात 'निव्वळ' ही मेथड, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा: वजन गुणिले भाव, त्यातून 'कपात' वजा. 'कपात' म्हणजे हमाली-तोलाई. पुढं सोयाबीनसाठी मी 'सोयाबीनपट्टी' हा क्लास त्यावरून काढला आणि ओलीचे किलो सांगणाऱ्या मेथडलाही 'कपात' असंच नाव देऊन बसलो. वरचा कोड दोन वर्षांपूर्वीचा. कोणाच्या ध्यानात राहतंय?

आता गंमत बघा. 'निव्वळ' मी सोयाबीनपट्टीत लिहिलेलीच नाही. पायथॉन आधी तिथं शोधतं, सापडत नाही, म्हणून वर 'पट्टी'त जातं आणि तिथली चालवतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मी चुकलो ते पुढं. 'निव्वळ'च्या पोटात 'सेल्फ डॉट कपात' आहे, म्हणजे 'ज्या पट्टीचा हिशेब चालू आहे तिची कपात', आणि मी समजत होतो की आता आपण वरच्या क्लासात आलोय, तर कपातही इथलीच लागेल. तसं नसतं. कोड बापाचा चालत असला तरी 'सेल्फ' लेकच असतो, म्हणून 'कपात'चा शोध पुन्हा पार खालून, सोयाबीनपट्टीपासून सुरू होतो. तिथं माझे किलो आयतेच बसलेले.

जावातही साध्या मेथडचं असंच होतं. सी प्लस प्लसमध्ये वरच्या 'कपात'ला 'व्हर्च्युअल' लावलं नसतं, तर मात्र वरचीच चालली असती. सी शार्पमध्ये 'ओव्हरराइड' असं स्पष्ट लिहिल्याशिवाय खालची वरचीची जागा घेत नाही. पायथॉन एका शब्दानं विचारत नाही. नावाच्या आधी दोन अंडरस्कोअर दिले तर पायथॉन आतल्या आत क्लासचं नाव जोडून ते वेगळं ठेवतं, पण ते वाचायला मला कधीच आवडलं नाही. मी सरळ नाव बदललं: 'ओलीचे किलो'.

तोवर चौदा पट्ट्यांचे पैसे देऊन झाले होते. या एकाच पट्टीत शेतकऱ्याला 495 रुपये जास्त गेलेले. मालक दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

"आन तुरीचं?" मामांनी निघताना विचारलं.

तूर जानेवारीत येणार होती. तिचा क्लास मी सोयाबीनवरूनच कॉपी केलेला. उघडून बघितलं. 'कपात' होतीच.