चार माइक आणि चाळीस आवाज

“जवळ या, अजून थोडे जवळ या,” असे मी त्या दुपारी किमान सहा-सात वेळा म्हणालो. दिवस गुरुवार, १२ मार्च २०२०. तीन दिवसांचा खुल्या मैदानावरचा संगीत महोत्सव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू व्हायचा होता, ध्वनियोजनेची जबाबदारी माझ्याकडे होती आणि रंगमंचावर चाळीस जणांचा गायनवृंद तीन ओळींत उभा होता.

आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले होते. अमेरिकेतल्या मोठ्या महोत्सवांपैकी ऑस्टिनचा साउथ बाय साउथवेस्ट ६ मार्चला रद्द झाला होता, कोचेला १० मार्चला ऑक्टोबरवर ढकलला गेला होता. ही सगळी बातमी आम्हाला ठाऊक होती आणि तरीही आम्ही केबल टाकत होतो, कारण ‘थांबा’ असे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

प्रेक्षकांना महोत्सव पहिल्या स्वरापासून सुरू झाल्यासारखा वाटतो. आमच्या हिशेबी तोवर निम्म्याहून जास्त काम संपलेले असते. त्या दिवशी सकाळचे चार तास मी डिले टॉवरच्या मागे घालवले होते. मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेले असतात, पण मागच्या प्रेक्षकांसाठी ७० मीटरवर आणखी दोन मनोरे उभे करावे लागतात, आणि त्यांतला आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हवेचे तापमान २० अंश असेल तर ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ७० मीटरला २०४ मिलिसेकंद लागतात. रात्री हवा १० अंशांनी उतरली की त्यात जवळपास चार मिलिसेकंदांची भर पडते आणि ती मी कार्यक्रम चालू असताना दुरुस्त करतो. प्रेक्षकांपैकी कुणालाही हे कळत नाही, कळूही नये. रिकाम्या मैदानावर बसवलेला आवाज माणसे भरली की बदलतो, कारण कपडे आणि शरीरे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, म्हणून मी सकाळी तो किंचित कर्कशच ठेवतो. त्या दिवशीही तसाच ठेवला होता. तो मऊ करायला माणसे आलीच नाहीत.

दुपारी बाराच्या सुमारास निर्मिती व्यवस्थापक आयोजकांच्या तंबूत गेले, ते तासाभराने चेहरा पाडून बाहेर आले. अडचण आरोग्याची नव्हती, कागदाची होती. आयोजकांनी स्वतःहून महोत्सव रद्द केला असता तर कलाकारांचे मानधन, भाडे, वाहतूक, सगळे त्यांच्या अंगावर पडले असते. प्रशासनाने लेखी बंदी घातली तर करारातले ‘अपरिहार्य परिस्थिती’चे कलम लागू होऊन निदान पुढची देणी थांबली असती. विम्याचा उपयोग तसाही नव्हता, कारण त्यांच्या विमापत्रात संसर्गजन्य आजार आधीच वगळलेले होते. तेव्हा आयोजक प्रशासनाच्या पत्राची वाट पाहत होते, प्रशासन वरिष्ठांच्या आदेशाची, कलाकारांचे प्रतिनिधी आयोजकांच्या निरोपाची आणि आम्ही सगळ्यांची. आयोजक वाईट माणसे नव्हती. पण ज्याच्या तोंडून ‘रद्द’ हा शब्द आधी निघेल त्याने पैसे भरायचे, अशी व्यवस्था असेल तर तो शब्द कुणाच्याच तोंडून वेळेवर निघत नाही, आणि दरम्यान रोजंदारीवरचे लोक शिडीवर चढत राहतात.

या वाट पाहण्यात गायनवृंदाचा साउंड चेक आला. चाळीस गायकांना मी चार माइक दिले होते. यात कंजुषी नव्हती. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिटी वाजण्याआधी हाताशी असलेली आवाजाची मुभा तीन डेसिबलने घटते, शिवाय प्रत्येक माइक शेजाऱ्याचाही आवाज उचलतो आणि सगळा मेळ गढूळ होतो. चांगला गायनवृंद स्वतःच स्वतःचे मिश्रण करतो. आपण फक्त ते टिपायचे असते. पण त्यासाठी गायकांना दाटीने उभे राहावे लागते. त्या दुपारी डावीकडच्या कडेचे चार-पाच जण सारखे बाजूला सरकत होते. आवाज वाढवला की माइक शिटी मारायचा, कमी केला की कडेचे गायब व्हायचे. पहिल्या दोन वेळा मला वाटले की उन्हामुळे सरकत असतील. तिसऱ्या वेळी मीच रंगमंचावर गेलो, खांद्याला खांदा लागेल अशा बेताने जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यांना त्या रेषेच्या आत घेतले. त्यातल्या एका बाईंनी ओढणी तोंडाशी धरली होती. मी त्यांना ती काढायला सांगितले, कारण व्यंजने ऐकू येत नव्हती.

मग मात्र गायन सुंदर झाले. कन्सोलवर आवाज कमी-जास्त करणारी एकही सरकपट्टी हलवावी लागली नाही. संचालिका बाई मला म्हणाल्या, “इतके स्वच्छ आम्ही स्वतःला कधी ऐकलेच नव्हते,” आणि त्यांनी तोच भाग आणखी दोनदा गाऊन घेतला. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

सहा चाळीसला व्यवस्थापकांच्या फोनवर दोन ओळींचा संदेश आला. मैदान पुढील आदेशापर्यंत बंद. बांधायला तीन दिवस लागलेला रंगमंच उतरवायला एक रात्र पुरली. ट्रकमध्ये जे शेवटी चढते ते पुढच्या ठिकाणी आधी उतरते, म्हणून सामान भरण्याचा क्रम ठरलेला असतो. त्या रात्री पुढचे ठिकाणच नव्हते, त्यामुळे पोरांनी जे हाताला लागले ते आत टाकले. मी कुणाला टोकले नाही.

मे महिन्यात अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅली गायनवृंदाचा अहवाल माझ्या वाचनात आला. १० मार्चला, म्हणजे आम्ही मनोरे उभे करत होतो त्या मंगळवारी, त्यांची अडीच तासांची तालीम झाली होती. ६१ जण हजर होते, त्यांतले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. ती तालीम बंद खोलीत होती, आमची मोकळ्या मैदानावर, हा फरक मी तेव्हा स्वतःला बऱ्याचदा सांगितला. पण जुलै २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला दोन दिवसांचा महोत्सव मोकळ्यावरच झाला, ४० तासांपर्यंत जुना चाचणी अहवालही चालवून घेतला गेला, आणि २० हजारांतल्या सुमारे हजार जणांना लागण झाली. त्याआधी मार्चमध्ये बार्सिलोनाच्या पालाउ सांत जॉर्डीत ५ हजार माणसे बंदिस्त सभागृहात अंतर न राखता उभी होती, पण चाचणी त्याच दिवसाची, तोंडावर बारीक कण गाळणारा एफएफपी-२ मास्क आणि वायुवीजनाची नीट व्यवस्था. पुढच्या १४ दिवसांत सहा जण बाधित निघाले, त्यांतल्या चौघांना लागण दुसरीकडेच झाल्याचे आढळले. छताच्या असण्या-नसण्यावर सगळा भार टाकून मोकळे होता येत नाही.

आता, २०२१ च्या उत्तरार्धात, पुन्हा महोत्सवांची विचारणा येऊ लागली आहे. ब्रिटनमधला ग्लॅस्टनबरीसारखा मोठा महोत्सव २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे झाला नाही. लहान आयोजकांना एक हंगामही पेलत नाही, कारण अर्धे प्रेक्षक आले म्हणून रंगमंच, वीज आणि सुरक्षा यांचा खर्च अर्धा होत नाही. ब्रिटनने ऑगस्ट २०२१ मध्ये ७५ कोटी पाउंडांची पुनर्विमा योजना, म्हणजे विमा कंपन्यांना सरकारचा आधार, जाहीर केली खरी, पण ती सरकारी निर्बंधांमुळे कार्यक्रम रद्द झाला तर कामाची होती. अंतर राखण्याच्या नियमाने तिकिटे निम्मी झाली तर नाही.

गेल्या आठवड्यात त्याच गायनवृंदाच्या संचालिका बाईंचा फोन आला. दोन-दोन मीटर अंतर ठेवून चाळीस जणांचा आराखडा हवा होता. मी कागदावर मांडून पाहिला. तीन ओळी केल्या तरी एकेका ओळीची लांबी २४ मीटरच्या वर जाते आणि एका टोकाचा स्वर दुसऱ्या टोकाला सुमारे ७० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे दोन टोके एकमेकांबरोबर गाऊच शकत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र माइक आणि इतरांचे गाणे ऐकायला कानात मॉनिटर द्यावा लागेल, आणि तरी तो गायनवृंद राहणार नाही, चाळीस एकल गायक होतील. तेवढे अंतर ठेवले तर १२ मीटरच्या रंगमंचावर तीन ओळींत माणसे मावतात २१. मी हे सगळे त्यांना सांगितले. खांद्याला खांदा लावून घेतलेल्या त्या तालमीनंतर सगळे बरे होते ना, एवढे मात्र विचारले नाही. दीड वर्ष त्यांचा नंबर माझ्याकडे होता, तेव्हाही विचारले नव्हते.

बाई म्हणाल्या, “चाळीस धरू नका. आता किती जण आहोत ते मोजते आणि कळवते.”

त्यांनी अजून कळवलेले नाही. मीही फोन केलेला नाही.