पक्ष, साध्य आणि सिद्धता

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सुचवले होते, की आरोग्य धोरणाचा संशोधक नेमके काय करतो हे आजच्या विद्यार्थ्यांना समजेल असे लिहावे. मी डॉक्टर नाही. आजारी माणसाला उपचार कोठे मिळतात, त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि शासनाने त्यात काय बदलायला हवे, याचा पुराव्यानिशी अभ्यास करणे हे माझे काम आहे.

या कामाचा पाया आपल्या शाळेत भूमितीच्या तासाला घातला गेला, असे मी मनापासून मानते. आमचे सर प्रत्येक प्रमेय पक्ष, साध्य आणि सिद्धता अशा क्रमाने मांडून घेत आणि पायरीपुढे कंसात कारण लिहिलेले नसेल, तर निष्कर्ष बरोबर असूनही त्या पायरीचा गुण देत नसत. पुढे संख्याशास्त्रात पदवी घेऊन मी मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत दाखल झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून याच संस्थेकडे आहे. तेथे देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करण्यासाठी नेमलेल्या भोर समितीचा १९४६ चा अहवाल वाचला. पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व स्वातंत्र्याच्या आधीच शासनाच्या कागदावर आले होते, हे पाहून मी अस्वस्थ झाले आणि माझ्या अभ्यासाचे साध्य तेव्हाच ठरले.

सिद्धता मात्र लोकांच्या ओसरीवर बसून जुळवावी लागते. बाळंतपणाला किती खर्च आला, असे एकदम विचारले, तर ‘सरकारी दवाखाना होता, काही नाही लागलं’ असे उत्तर हमखास मिळते. मग बाहेरून आणलेली औषधे, सोनोग्राफी, गाडीभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली मजुरी असे एकेक विचारत गेले, की घरातली मंडळी एकमेकांना आठवण करून देऊ लागतात आणि वहीतला रकाना भरत जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात दाखल झाल्याची माहिती मागील ३६५ दिवसांची, तर इतर दुखण्यांची केवळ १५ दिवसांची विचारतात, कारण किरकोळ आजार माणूस लवकर विसरतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशातील आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे. तरीही, ज्या घराने पैशाअभावी उपचारच घेतले नाहीत, त्याचाही खर्च शून्यच नोंदला जातो. त्या शून्यामागचे कारण शोधल्याशिवाय एखादी योजना यशस्वी झाली असे लिहिणे मला मान्य नाही आणि माझा बराचसा काळ त्याच शोधात जातो.

या क्षेत्रात येण्यासाठी विज्ञान शाखाच हवी असे मुळीच नाही. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकलेले माझे सहकारी उत्तम काम करत आहेत. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती जिल्हावार उपलब्ध आहे. आपल्या जिल्ह्याचे माहितीपत्रक नववी-दहावीच्या मुलामुलींबरोबर वाचण्यासाठी शाळेने बोलावले, तर मी आनंदाने येईन.