बैल नाहीत, तरी माळेगावला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोयरे विचारतात, पुतण्या विचारतो, ज्याच्या ट्रॅक्टरनं माझी पेरणी होते तो तर दर मार्गशीर्षात विचारतो, "दावणीला बैल नाही, मग माळेगावच्या यात्रंत काय करता?"

आमचं हे नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, यात्रा खंडोबाची, म्हणून देवाचं नाव सांगून पाहिलं. पटत नाही कुणाला. देवळात मी किती वेळ असतो आन् यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात किती, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग आधी मला सांगा, आमच्याकडची देवणी ही गाई-बैलांची जात टिकली कशी? वंशावळीचे कागद कुणाच्या घरी होते? हाळी-हंडरगुळीच्या बाजारात, माळेगावच्या माळावर माणसं गोऱ्ह्याभोवती फिरायची, दात बघायची, खूर बघायची, चालवून बघायची. देवणीतच तीन तऱ्हा: बालंक्या पांढराशुभ्र, वानेऱ्याचं तोंड बाजूनं काळं, शेवऱ्याच्या अंगावर काळे डाग. कुणाच्या वळूचा, हे विचारल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नसे. कंधारकडची लाल कंधारीसुद्धा अशाच नजरांखालून गेली. खरीप घरात आलेलं, हातात थोडा पैसा. वर्षभराच्या कामाचा बैल तिथंच ठरायचा. घोडे, गाढवं, उंट यायचे ते वेगळंच.

हे मी आज बोलतो. तरणा होतो तेव्हा वडिलांशी उलटं भांडायचो: डिझेल टाकलं की काम होतं, बैल सुट्टीच्या दिवशीही खातो. तो हिशोब आजही चूक म्हणवत नाही.

२०१६चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं कडब्याची पेंडी मिळंना. जोडी बाजारात नेली. एक चौसा, म्हणजे चार दाती, तरणा; दुसरा म्हातारा. आदल्या वर्षी, मार्च २०१५ला, बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली होती. म्हाताऱ्याकडं कुणी बघंना. कायदा बरा की वाईट, ते तुम्ही बोला. बाजारात त्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नव्हतं, एवढं मी पाहिलं. एका हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्यानं, वडिलांचा हात रुमालाखाली घेतला; भाव असाच बोटांनी ठरतो, बाकीच्यांना कळू नये म्हणून. बोटं दाबली, सोडली, परत दाबली. मी शेजारी उभा, मला नुसता रुमाल हलताना दिसला. वडील म्हणाले, "दोन्ही ने." हेडी हसला. "मालक, ह्याला काय देव्हाऱ्यात बसवू?" वडिलांनी हात काढून घेतला. थोड्या वेळानं त्यांनीच पुन्हा रुमालाखाली घातला. चौसा गेला. किती बोटांवरून किती बोटांवर आले, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. म्हातारा परत आणला. रिकाम्या खुट्ट्याकडं तोंड करून उभा राहायचा, पुढ्यातलं पाणीसुद्धा बळंच प्यायचा. तो पोळ्याआधीच गेला.

म्हणून तुम्ही "बैल विकून आता कसलं प्रेम" म्हणता, तेव्हा डोकं सरकतं. विकले नसते तर घातलं काय असतं? तुम्ही एक पेंडी पाठवली होती?

आन् तरी जातोच. नजर मोडू नये म्हणून, असं म्हणतो खरं. जनावरांच्या लम्पी रोगानं २०२२ला बाजार बंद झाले तेव्हा आमच्या भागातली किती नजर मोडली, ते पोरांना गोऱ्ह्याचे दात विचारून बघा. पण हेही पुरतं उत्तर नाही, मला कळतं. घरची म्हणते, "घ्यायचा न्हाई तर भाव काहून विचारता?" तिला पटंल असं सांगता आलेलं नाही. मागच्या यात्रेत एका शेवऱ्या गोऱ्ह्याचा भाव मी केला, तोही रुमालाखालीच. आकडा तिलाही सांगितलेला नाही.